कच्चा घाणा

साबण पिकला की नाही हे ताडबाई जिभेच्या शेंड्यानं ओळखायची. वडी उचलायची, कोपरा जिभेला टेकवायचा, डोळे मिटायचे आणि एकदोन श्वास थांबायचं. जीभ चावल्यासारखी झाली तर वडी परत फळीवर. नुसतीच ओशट, मातकट लागली तर वडी टोपलीत. मिशनच्या पाळकबाईंनी शिकवताना हे सांगितलं तेव्हा बाकीच्या बाया तोंडं वाकडी करून हसल्या होत्या. ताडबाई हसली नव्हती. तिनं तिथल्या तिथं वडी उचलून जिभेला लावली आणि "चावला" एवढंच म्हणाली.

नवऱ्यापेक्षा वीतभर उंच, म्हणून ती ताडबाई. लग्नाच्या दिवशीच कुणीतरी नवऱ्याच्या कानात सांगितलं होतं, "गड्या, हिच्याशी भांडायचं असेल तर आधी शिडी आण." तो खाणकरी. ठेंगणा, पण खांद्यानं दाराएवढा. पंधरा वर्षं दगड फोडून त्याच्या तळहातांवर घट्टे पडले होते आणि छातीत धूळ साठली होती. चढावर तो आता मधेच थांबायचा आणि कुणी बघितलंच तर वाकून वहाणेतला खडा काढल्याचं सोंग करायचा. दवाखान्यातल्या डॉक्टरनं छातीला नळी लावून सांगितलं होतं, "धूळ तुम्ही सोडा. ती आपण होऊन तुम्हाला सोडणार नाही."

सोडा म्हणणं सोपं. सोडून खायचं काय?

म्हणून साबण. मिशनची माणसं पाच-पाच बायांचा गट करून लहानसं कर्ज देत. प्रार्थनाघरात एकेका गटाला एकेक बाक नेमून दिलेला होता, त्यामुळं गटाला सगळे बाकच म्हणत. ताडबाईचा तिसरा बाक. शिंपीण, धोबीण, पाववाली, अंडीवाली आणि ती. प्रत्येकीला बाकीच्या चौघी जामीन. दर गुरुवारी दुपारी बाक भरायचे. एक गाणं, एक प्रार्थना, मग एकेकीनं उभं राहून आठवडाभरात हातून काय झालं ते सांगायचं आणि हप्ता टेबलावर ठेवायचा. एखादी आली नाही किंवा तिचा हप्ता आला नाही तर तिचा बाक उठायचा नाही. चौघींनी बसून राहायचं, मग घरी चूल विझो की पोर रडो.

सासूला हे पहिल्यापासून पटलं नव्हतं. "आज बाकावर बसवतात, उद्या देव बदलायला सांगतील," ती म्हणायची.

"देवाचं त्यांनी अजून काढलं नाही, आई," ताडबाई म्हणाली होती. "हप्त्याचं मात्र दर गुरुवारी काढतात."

पंचवीस गुरुवार बिनखोट गेले की बाकाला दुसरं, मोठं कर्ज मिळणार होतं; मधे एक खाडा पडला की मोजणी पुन्हा एकपासून. त्याचं काय करायचं ते ताडबाईनं मनात केव्हाच बांधून ठेवलं होतं. परसात पत्र्याची शेड, आत भट्टी, भिंतीभर फळ्या. दोन माणसांना बारमाही पुरेल एवढं काम. दुसरं माणूस कोण, हे तिनं नवऱ्याला सांगितलं नव्हतं. त्यालाही कळलं होतं, आणि त्यानंही विचारलं नव्हतं.

अठरावा गुरुवार जवळ आला तेव्हा पाऊस लागून आठ दिवस झाले होते आणि तो थांबायचं नाव घेत नव्हता. खाणीत दोन पुरुष खोल पाणी भरलं. काम बंद. खाणकरी घरात बसून राहिला. रुंद माणूस लहान घरात बसला की जिकडेतिकडे तोच होतो. सासू केर काढताना म्हणाली, "पाय घे." पाणी भरताना म्हणाली, "सरक." शेवटी तोच उठला.

"खाटकाकडे आज मी जातो," तो म्हणाला. चरबी आणायला एरवी ताडबाई जायची. तिनं टोपली दिली, वर झाकायला गोणपाट दिलं.

खाटकाच्या दुकानापुढं चार माणसं उभी होती, त्यातली दोन खाणीवरचीच. खाटकानं चरबीचे तुकडे टोपलीत टाकता टाकता विचारलं, "काय पैलवान, बायकोनं कामाला ठेवलं वाटतं? पगार देते की नुसतीच आंघोळ?"

माणसं हसली. खाणकरीही हसला. टोपली डोक्यावर चढवली आणि गोणपाट तिथंच विसरून निघाला. घाई पावसाची नव्हती.

घरी आला तेव्हा टोपलीतून पाणी ओघळून त्याच्या मानेवरून सदऱ्यात उतरलं होतं.

"गोणपाट कुठंय?" ताडबाईनं विचारलं.

"राहिलं."

तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि टोपली उतरवून घेतली.

चरबी कढवायला घेतली तर सरपण ओलं. धूर घरभर झाला, सासू बाहेर जाऊन पागोळ्यांखाली उभी राहिली. कढवलेली चरबी गाळून रात्रभर निवू द्यायची, सकाळी वरचा पांढरा थर उचलायचा आणि खाली बसलेलं पाणी फेकायचं, असं पाळकबाईंनी तीन वेळा बजावलं होतं. पण उद्या पुन्हा वितळवायला कोरडं लाकूड एकही नव्हतं. शिवाय वड्या फळीवर चार आठवडे पिकाव्या लागतात. आज ओतल्या तर बाविसाव्या गुरुवारच्या आधी हाती येतील. ताडबाईनं बोटांवर आठवडे मोजले आणि कढत चरबी तशीच काट्यावर तोलली. पाण्यासकट तोलली. तेवढ्या वजनाला जेवढा कॉस्टिक सोडा लागतो तेवढा मोजून घेतला, रबरी हातमोजे चढवले आणि दांडक्यानं ढवळायला बसली. दांडक्यानं ओढलेली रेघ वर तशीच राहीपर्यंत ढवळायचं. खांदे भरून आले तेव्हा नवऱ्यानं न विचारता दांडकं हातातून घेतलं. त्याच्या हातात ते काडीसारखं फिरायला लागलं.

"हळू," ती म्हणाली. "दगड नाही तो."

एका घाण्यात शंभर वड्या झाल्या.

पुढचे चार आठवडे त्या वड्यांनी जीव खाल्ला. हवा इतकी दमट की फळीवरच्या वड्यांना घाम फुटायचा. ताडबाई रोज सकाळी त्या फडक्यानं पुसायची, उलटायची आणि जिभेला लावून बघायची. पाळकबाईंनी सांगितलं होतं आठवड्यातून एकदा, चारदोन वड्या. ही रोज वीसपंचवीस चाटायची. काळजी असली की माणसाला तेच तेच करावंसं वाटतं. पहिल्या आठवड्यात सगळ्या चावल्या. दुसऱ्यात कमी. तिसऱ्या आठवड्यात एकही चावेना. तिला बरं वाटलं.

त्याच दिवसांत एकदा जेवताना सासूनं घास खाली ठेवला. "आज काय मिठाची गोणी पालथी झाली?"

ताडबाईनं मान वर केली नाही. सासूला पावसाळ्यात सगळंच खुपतं. खाणकरी पाण्याचा तांब्या जवळ ओढून मुकाट्यानं जेवत होता.

बाविसाव्या गुरुवारच्या आधी तिनं शंभरच्या शंभर वड्या तपासल्या. नवरा एक वडी हातात घेऊन उजेडाकडं फिरवत होता.

"ही पांढरी भुकटी कसली?"

"दमटपणाची."

"नक्की?"

"दगडातलं मी तुम्हाला शिकवते का?"

त्यानं वडी टोपलीत ठेवली. पंचवीस धोबिणीनं नेल्या, साठ बाजारातल्या दुकानदारानं, उरलेल्या, घरची एक सोडून, आसपासच्या घरांनी. बाविसावा हप्ता टेबलावर पडला. पाळकबाईंनी वहीत खूण केली. शिंपीण बाकावरून कानाशी कुजबुजली, "तीन राहिले. मी काज करायचं मशीन बघूनसुद्धा आले."

तेविसाव्या गुरुवारी धोबीण शाल पांघरून आली. ती बाकातली सगळ्यात मोठी, पन्नाशीची, तोंडानं फटकळ. आज तिनं हप्ता स्वतः ठेवला नाही. "घे गं, तूच ठेव," म्हणून कंबरेची पिशवी शिंपिणीपुढं केली. तिची पाळी आली तेव्हा उभी राहून म्हणाली, "धुतलं. वाळलं नाही. देवाची दया," आणि बसली. बाया हसल्या.

प्रार्थनेला सगळ्यांनी हात जोडले, डोळे मिटले. धोबीण हात शालीतच जोडायला गेली आणि शाल घसरली. ताडबाई शेजारीच बसली होती. बोटांच्या बेचक्यांत कातडी सोलून निघाली होती. कडांना लालभडक भेगा, नखांभोवती मांस पांढरं पडलेलं.

बाहेर ओट्यावर तिनं धोबिणीचं कोपर धरलं. "मावशी, हात दाखवा."

"हात काय बघतेस? भविष्य सांगणार आहेस?"

"दाखवा."

धोबिणीनं शाल घट्ट केली. "पावसात होतं असं."

"तीस वर्षं पावसात धुताय. आधी कधी झालं?"

धोबीण पागोळ्यांकडं बघत राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "दोन गुरुवार राहिलेत गं. मी बोलले का? मग तू कशाला बोलतेस? कातडी परत येते."

ताडबाई छत्री न उघडताच घरी आली. फळीवर स्वतःच्या घरासाठी ठेवलेली एक वडी होती. तिनं ती जिभेला लावली. काही नाही. दुसरा कोपरा लावला. काही नाही. मग ती नवऱ्यापुढं जाऊन उभी राहिली.

"जीभ काढा."

"मी?"

"काढा म्हणते ना."

त्यानं जीभ काढली. वडी टेकली तसा तो मागं उडाला, थुंकला, पुन्हा थुंकला आणि धावत जाऊन हंड्यात तोंड घातलं.

"काय झालं रे? विंचू डसला का?" सासू ओरडली.

"विस्तव आहे तो!" तो हंड्यातूनच म्हणाला.

ताडबाई चुलीपाशी गेली. मिठाच्या बरणीतली चिमूट तिनं जिभेच्या शेंड्यावर ठेवली. वाळू ठेवल्यासारखी ती नुसतीच टोचली, खारट लागली नाही. ती तशीच उकिडवी बसून राहिली.

"जेवण खारट होत होतं का?" तिनं विचारलं.

"थोडं," नवरा म्हणाला.

"थोडं!" सासू म्हणाली. "पंधरा दिवस समुद्र पितोय आम्ही."

"मग तुम्ही का नाही बोललात?" तिनं नवऱ्याला विचारलं.

तो तोंड पुसत होता. "तू दिवसभर राबत होतीस. त्यात मिठाचं काय बोलायचं?"

"बोलायचं होतं."

 मग खाणकरी म्हणाला, "त्या दिवशी चरबी भिजली. गोणपाट मी विसरलो नव्हतो. म्हणजे विसरलो, पण... तिथून लवकर निघायचं होतं मला."

"पाणी बसू द्यायचं काम माझं होतं," ती म्हणाली. "मी नाही दिलं. पाण्याच्या वजनाचाही कॉस्टिक पडला." ती उठली. "सगळा परत आणायचा."

"काय परत?" सासूनं विचारलं.

"साबण."

"वेड लागलं का? विकलेला माल कुणी परत आणतं? लोक दारात उभं करतील का पुन्हा?"

 खाणकऱ्यानं खुंटीवरची मोठी टोपली काढली, या वेळी गोणपाट आधी घेतलं.

पहिलं घर शिंपिणीचं. तिचा पाय मशीनवर होता, तो थांबला नाही. सगळं ऐकून घेताना तिनं एक बाही पुरी शिवली आणि दातानं दोरा तोडला.

"परत आणशील, पैसे देशील, मग गुरुवारी टेबलावर काय ठेवशील? दगड?"

"बघू."

"बघू नाही. मी सांगते ते ऐक. लोकांना सांग, फरशीला वापरा, अंगाला नको. दोन आठवडे. मग काय आणायचं ते खुशाल आण."

"दोन आठवड्यांत किती हात भाजतील, ताई?"

"हात बरे होतात. बाक मोडला की बरा होत नाही." शिंपिणीनं मशीन थांबवलं. "मीसुद्धा बावीस-तेवीस आठवडे पोटाला चिमटा घेतलाय. तुझ्या एकटीचं नाही ते."

"मला माहीत आहे," ताडबाई म्हणाली. "तुमच्याकडं किती वड्या आहेत?"

"तीन."

"द्या."

शिंपीण आत गेली, तीन वड्या आणून तिनं टोपलीत आपटल्या. पैसे नको म्हणाली नाही. मोजून घेतले.

बाजारातल्या दुकानदाराकडं साठातल्या बावीस उरल्या होत्या. तो हात वर करून म्हणाला, "माल मी घेतला, विषय संपला. उलट फेस चांगला म्हणून लोक पुन्हा मागतायत. परत हवा तर मी विकतो त्या भावानं घ्या."

"तुम्ही दिलेत तेवढे देते."

"मग माझा नफा काय पावसात वाहून गेला?"

"कुणीकुणी नेला ते तरी सांगा."

"मी काय शाळा चालवतो हजेरी घ्यायला?"

 खाणकऱ्यानं टोपली खाली ठेवली आणि दुकानाच्या पायरीवर, पावसात, फतकल मारून बसला.

"काय हे?" दुकानदार म्हणाला.

"बसतो. येणाऱ्याला सांगतो, साबण कच्चा आहे, आमचाच आहे. तुमचं नाव घेत नाही."

ताडबाई त्याच्या शेजारी बसली. पहिलं गिऱ्हाईक आलं, ऐकून घेतलं, आत न जाता परत गेलं. ते साबणासाठी आलंच नव्हतं, डाळ न्यायला आलं होतं. दुसरं आलं. तेही गेलं. तिसऱ्याला दुकानदारानं लांबूनच हाक मारली, तरी ते पायरीवरच्या दोघांपाशी थांबून चौकशी करायला लागलं. तेव्हा बावीस वड्या पिशवीत भरून बाहेर आल्या, घेतल्या भावानं. आणि कुणीकुणी नेला होता तेही दुकानदाराला एकेक करून आठवायला लागलं.

चार दिवस दोघं फिरली. कुणी अर्धी झिजलेली वडी दिली आणि पुऱ्या वडीचे पैसे मागितले. ताडबाईनं दिले. कुणी एका वडीला दोन वड्यांचे पैसे मागितले. एका म्हाताऱ्यानं पायाची सोललेली टाच दाखवली आणि जे तोंडाला येईल ते बोलला. ती त्याच्यापुढं वाकून उभी राहिली, त्याचं संपेपर्यंत. घरात भाजल्यावर लावायचं तेल होतं ते तिनं दुसऱ्या दिवशी नेऊन दिलं. एका घरातल्या सुनेनं दार थोडंसंच उघडून सांगितलं, "आमच्याकडं नाही," आणि आतून साबणाचा वास येत होता. ताडबाईनं फटीतून सांगितलं, "नसू दे. पण असला तर पोरांना लावू नका." दार मिटलं. थोड्या वेळानं फटीतून वडी बाहेर आली.

शंभरातल्या अठ्ठ्याऐंशी परत आल्या, आख्ख्या आणि अर्ध्या मिळून. घरातला पैसा संपला.

चोविसाव्या गुरुवारी ताडबाई उशिरा पोचली. गाणं, प्रार्थना होऊन गेली होती. चौघी बाकावर होत्या. तिनं टोपली टेबलापाशी ठेवली आणि उभ्या उभ्याच सांगितलं. भिजलेली चरबी, न काढलेलं पाणी, मेलेली जीभ. धोबिणीचं नाव घेतलं नाही.

"हप्ता?" पाळकबाईंनी विचारलं.

"नाही."

बाकीचे बाक उठले. छत्र्या उघडल्याचे आवाज झाले, चपला ओढल्याचे झाले, आणि मग नुसता छपरावरचा पाऊस. तिसरा बाक बसून राहिला. नियम बाईंनाही होताच. त्या टेबलामागं बसल्या.

पाववालीनं कनवटीची गाठ सोडायला घेतली. "मी भरते आज. पुढं देईल ती."

"भरता येईल," पाळकबाई म्हणाल्या. "बाकातल्या कुणीही भरला तर वहीत खाडा पडत नाही."

"माझ्यासाठी भरू नका," ताडबाई म्हणाली. "पुढच्या गुरुवारीही नसेल. हा साबण किसून, नवी चरबी घालून पुन्हा शिजवायचा, पुन्हा पिकवायचा. महिना जाईल. एकदा भरून झाकायचं, मग पुन्हा झाकायचं, हे मला जमणार नाही."

"म्हणजे आमचे तेवीस आठवडे तुझ्या पायी पाण्यात?" शिंपीण म्हणाली.

"हो, ताई."

शिंपिणीला बहुतेक दुसरं काहीतरी ऐकायचं होतं. ती पाळकबाईंकडं वळली. "हिचं नाव कापलं तर?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. त्यांना ते सांगायचं नव्हतं हे दिसत होतं. "तर तुमच्या चौघींचे तेवीस राहतात. पाचवी नवी घ्यायची. तिचा हिच्या कर्जाशी काही संबंध नाही. हिनं उरलेलं कर्ज एकटीनं फेडायचं. कापायचं की नाही ते बाकानं ठरवायचं, मी नाही."

ताडबाई बाकावर बसली नाही. टोपलीपाशी उभी राहिली. उंच माणसाला अशा वेळी लपायला कुठं जागा नसते.

 अंडीवालीनं दोनदा खिडकीबाहेर बघितलं, कोंबड्या डालायची वेळ झाली होती. शेवटी धोबिणीनं शाल बाजूला केली आणि दोन्ही हात पुढच्या बाकाच्या पाठीवर ठेवले, सगळ्यांना दिसतील असे. पाववालीनं तोंडावर हात घेतला.

"कापा की ठेवा," धोबीण म्हणाली, "पण वसतिगृहाच्या चादरी पडल्यात माझ्याकडं. हे हात पाण्यात जात नाहीत. त्या कोण धुणार ते आधी ठरवा."

"मी धुते," ताडबाई म्हणाली.

"तुला धुता येतं? घरचं नाही, धंद्याचं?"

"शिकवा."

"शिकवीन. अर्धी मजुरी तुझी. त्यातून पुढचा हप्ता टाक. आजचा मात्र खाडा तो खाडाच." धोबिणीनं शिंपिणीकडं बघितलं. "आता तू बोल. सुई कातरी तुझ्या हातात."

 पाऊस वाजत राहिला. खिडकीतला उजेड बाकावरून उतरून जमिनीवर आला. अंडीवालीनं तिसऱ्यांदा बाहेर बघितलं. शिंपिणीनं बोटानं बाकाच्या लाकडावरची एक रेघ मागंपुढं, मागंपुढं घासली, शिवण दाबावी तशी.

"माझ्या घरी आली," ती एकदम म्हणाली, बाईंना. "तीन वड्या मागायला. मी एवढं बोलले, तरी म्हणते, द्या." ती थांबली. "नवी घेतली तर ती कसली निघेल कुणास ठाऊक. ही कसली आहे ते निदान आता कळलंय. लिहा एकपासून."

"नक्की?" पाळकबाईंनी विचारलं.

"लिहा म्हणते ना. आणि तू," ती ताडबाईकडं वळली, "महिनाभर माझ्याशी बोलू नकोस."

ताडबाईनं मान हलवली. बाईंनी वहीत नवी रेघ ओढली आणि बाक उठला.

दुसऱ्या दिवसापासून घरात किसणी चालू झाली. खाणकरी नाकाला फडकं बांधून वड्या किसायचा, सासू खाली पडलेला कीस उचलायची आणि बडबडायची. नव्या चरबीचं पाणी रात्रभर बसू दिलं, सकाळी फेकलं, मगच तोललं. जिभेचं काम सासूकडं गेलं. गावानं म्हणून घेतलं की कामाला योग्य माणूस मिळालं. सासूनं पहिल्याच दिवशी वडी चाटून अशी शिवी दिली की शेजारीण धावत आली.

पुढचा गुरुवार उजाडला तेव्हा पाऊस थांबून दोन दिवस झाले होते. ताडबाई नदीच्या दगडांवर गुडघाभर पाण्यात उभी होती. धोबीण काठावर बसून, हातांना तेलाच्या चिंध्या गुंडाळून ओरडत होती, "कंबरेतून नाही, खांद्यातून! चादर आहे ती, तुझा नवरा नाही!"

नवरा आलाच होता. चादरीचं दुसरं टोक त्यानं धरलं. ती उजवीकडं, तो डावीकडं, पिळता पिळता चादर दोरखंडासारखी ताठ झाली आणि मधून पाणी धो धो गळलं.

खाणीच्या बाजूनं एक आवाज येत होता. दोघांनीही तो सकाळपासून ऐकला होता. पंप सुरू झाला होता.

"वरचा टप्पा मोकळा झालाय," खाणकरी म्हणाला. "निरोप आला. आज दुपारपासून बोलावलंय."

ताडबाईनं चादर झटकली, दोरीवर टाकली, चारी टोकं सारखी केली. मग कमरेला खोचलेलं स्वच्छ फडकं काढून पाण्यात बुडवलं, पिळलं आणि वाकून त्याच्या नाकातोंडावर बांधलं. गाठ मानेमागं दोनदा मारली.

"घट्ट होतंय?"

"श्वास येतोय."

"दर तासाला ओलं करायचं. कुणी हसलं तर हसू दे."

"खाटीक हसून झालाय," तो फडक्याआडून म्हणाला. "पंचवीस आठवडे काय, निघतील."

"चोवीस," ती म्हणाली. "आजचा हप्ता हातात आहे. आज टाकला की चोवीस."

तो घण खांद्यावर टाकून चढाला लागला. ती बघत राहिली, तो वळणापर्यंत.

"अगं ए!" धोबीण काठावरून ओरडली. "बघून चादरी धुतल्या जातात का? अजून अकरा आहेत!"

ताडबाईनं पुढची चादर पाण्यात ओढली.